दा लातला व्हीगन जेवण: ‘चाय’ची पाटी शोधा

ठाण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘मांस-मासे-अंडी आमच्या घरात कधीच नव्हती. काही वर्षांपूर्वी मी दूध, दही, तूप आणि मधही सोडला. डिसेंबरात नवरा, सासूबाई आणि मी व्हिएतनामला निघालोय. हो ची मिन्ह सिटीनंतर चार दिवस दा लात या थंड हवेच्या गावी मुक्काम आहे. सासूबाई शाकाहारी आहेत आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी कांदा-लसूण खात नाहीत. टूरवाले म्हणतात, रोज रात्री इंडियन व्हेज डिनर आहे, काळजी करू नका. जाऊन आलेले ओळखीचे म्हणतात, तिथे भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, उपाशी राहशील. एक अख्खी बॅग थेपले आणि इन्स्टंट उपम्याची भरू का? आणि खरं सांगायचं तर सारखं हे नको, ते नको म्हणत दोघांची सहल खराब करणं माझ्या जिवावर येतंय.’

ताई, बॅग भरू नका. वाटेपुरते थेपले घ्या आणि उरलेली जागा परतीच्या सामानाला मोकळी ठेवा. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते खोटं नाही, पण ते नेहमीच्या उपाहारगृहांविषयी आहे. त्याच गावात दुसरी स्वयंपाकघरंही आहेत. तिथे तुमच्यासाठी कुणाला काही वगळावं लागत नाही, कारण ते मुळात घातलेलंच नसतं. ती कुठे आहेत एवढं कळलं की तुमचं निम्मं काम झालं.

व्हिएतनाममध्ये महायान बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण शतकानुशतकं चालत आलं आहे. त्याला ‘चाय’ म्हणतात. उच्चार आपण हिंदीत चहाला म्हणतो तसाच, पण पाटीवर ओळखायला सोपं जावं म्हणून अक्षरं लक्षात ठेवा: रोमन लिपीतली सी, एच, ए, वाय. हा शब्द पाटीवर दिसला की आत सहसा मांस, मासे, कोळंबी यातलं काही शिजत नाही. भिक्षू रोज असंच जेवतात. घरोघरची माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आसपास आणि पौर्णिमेला, असं जेवतात. काही जण महिन्यातले सहा किंवा दहा दिवस पाळतात. गाई पाळून दूध काढणं, तूप-लोणी करणं हा तिथल्या जुन्या स्वयंपाकाचा भागच नव्हता. म्हणून ‘चाय’ जेवण बहुतेक वेळा तुमच्या व्हीगन व्याख्येतही, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नको या नियमातही, बसतं. आमटीला तुपाची फोडणी नाही, भाजीवर लोणी नाही, भाताबरोबर दही नाही.

यावरून टूरवाल्यांच्या ‘इंडियन व्हेज डिनर’बद्दल माझं मत स्पष्ट सांगते: तुमच्यासाठी सगळ्यात अवघड जेवण तेच ठरेल. दाल मखनीत लोणी, पालक पनीरमध्ये पनीर, नानच्या पिठात दही, पुलावात तूप. वाढप्याला ‘दूध नको’ म्हणालात तर तो ‘व्हेज आहे मॅडम’ म्हणून तुम्हालाच धीर देईल. सासूबाईंना एखाद्या रात्री वरण-भाताची आठवण आली तर जरूर जा आणि तुमच्यासाठी साधा भात आणि तेलात फोडणी दिलेली डाळ आधी फोन करून सांगून ठेवा. पण चारही रात्री तिथे घालवू नका. टूर कंपनीला आत्ताच लिहून कळवा की दा लातमधली निदान दोन डिनर तुम्ही बाहेर घेणार आहात.

दा लात लाम दोंग प्रांतात, समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर आहे. १८९३ मध्ये अलेक्सांद्र येर्सँ हा डॉक्टर-संशोधक या पठारावर पोहोचला आणि पुढे फ्रेंचांनी इथे उन्हाळी ठाणं वसवलं. आज ही जागा देशाचा भाजीमळा आहे. डोंगरउतारांवर मैलोन् मैल हरितगृहं, त्यात कोबी, गाजर, लेट्यूस, टोमॅटो, स्ट्रॉबेरी. फ्रेंचांनी आणलेला आर्टिचोक, म्हणजे मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी, तर इथे चहापासून रश्श्यापर्यंत सगळीकडे भेटतो. ज्या गावात भाजी सकाळी मळ्यातून निघून दुपारी ताटात येते, तिथे शाकाहारी माणसाने थेप्यांवर दिवस काढणं मला खरंच बघवणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारी फान दिन्ह फुंग या रस्त्यावर जा. बाजारापासून तो जवळ आहे आणि त्यावर ‘चाय’ची बरीच दुकानं आहेत. दुकानं बंद होतात, नवी निघतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री फोनवरच्या नकाशात तीच चार अक्षरं टाकून बघा. जवळपासच्या जागा लाल ठिपक्यांनी समोर येतील. हॅपीकाउ हे व्हीगन प्रवाशांचं अ‍ॅपही उपयोगी आहे, पण त्यात बहुधा परदेशी लोकांना ठाऊक असलेल्या जागा जास्त असतात. गल्लीतली चार टेबलांची खानावळ नकाशावरच सापडते, आणि माझ्या मते जेवायला तीच चांगली.

आत गेल्यावर ‘कम चाय’ मागा, म्हणजे शाकाहारी भाताचं ताट. बहुतेक ठिकाणी काचेच्या कपाटात दहा-पंधरा पदार्थ मांडलेले असतात. भाषा येण्याची गरज नाही, बोट दाखवायचं. गवती चहा आणि मिरची घालून तळलेलं टोफू, काळी मिरी घालून मातीच्या भांड्यात आटवलेलं मशरूम, कच्च्या फणसाची खारट-गोड भाजी, टोमॅटोच्या रसात टोफू, उकडलेली हिरवी भाजी. भाताच्या ढिगाभोवती त्यातलं तीन-चार प्रकारचं वाढतात आणि वाटीभर पातळ सूप बाजूला देतात. अननस, टोमॅटो आणि भेंडी घातलेलं आंबट सूप मिळालं तर सोडू नका. टेबलावर सोया सॉसची बाटली, चिरलेल्या लाल मिरच्या आणि बहुधा भाजलेले तीळ-शेंगदाणे मिठाबरोबर कुटलेली वाटी असते. ती भातावर पेरून घ्या. सासूबाईंना दुसरं काही रुचलं नाही तरी तेवढ्यावर त्या पोटभर जेवतील. असं ताट साधारण ३० ते ५० हजार डाँगला मिळतं, म्हणजे आपले शंभर ते पावणेदोनशे रुपये. आकड्यांना घाबरू नका, तिथे चहासुद्धा हजारांत असतो.

वेळेचं भान मात्र ठेवा. या खानावळी पहाटे लवकर उघडतात, दुपारी बारा-साडेबाराला गर्दी होते आणि एकनंतर काचेमागची भांडी रिकामी व्हायला लागतात. रात्री नऊला जेवायला निघणाऱ्याला बरीचशी दुकानं बंद दिसतील. रात्रीचं जेवण सात-साडेसातला उरका.

आता माशाचं पाणी. त्याला ‘नुअक माम’ म्हणतात. अँचोव्हीसारखे छोटे मासे मिठात कित्येक महिने मुरवून त्याचा अर्क काढतात. आपण जिथे मीठ घालू तिथे तो घालतात. त्यामुळे साध्या हॉटेलात ‘फक्त भाजी द्या’ म्हणून सांगितलंत तरी त्या भाजीत तो असेल, बुडवायच्या वाटीत असेल, सॅलडवर असेल. नूडल्सच्या सुपातले मांसाचे तुकडे काढून देतील, पण सूप हाडांचंच असेल. शिवाय ‘हात नेम’ नावाची दाणेदार मसाला पूड जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असते आणि ती सहसा डुकराच्या मांसाच्या अर्काची असते. मशरूमची निराळी मिळते, ती ‘चाय’ दुकानांत वापरतात. तिसरं, ऑयस्टर सॉस: परतलेल्या पालेभाजीला चकाकी आली असेल तर ती बहुधा त्याची. हे सगळं टाळायचं म्हणून मिश्र हॉटेलात आचाऱ्याशी घासाघीस करत बसू नका. तो बिचारा मनापासून मांस वगळेल आणि सवयीने बाटली उचलेल. भांडण कुणाशीच नाही, फक्त ती जागा तुमची नाही. आणि ‘चाय’च्या दुकानात टेबलावर ‘नुअक माम’ लिहिलेली बाटली दिसली तर दचकू नका. सोयाबीन, अननस आणि मिठाची शाकाहारी बाटलीही याच नावाने मिळते.

तसंच यादीतल्या नावांचं. ‘चाय’च्या दुकानातही गोमांसाचा रस्सा, कोंबडी, कोळंबी, मासा अशी नावं असतात आणि पुढे ‘चाय’ जोडलेलं असतं. ते पदार्थ सोया, गव्हाचं ग्लुटेन, मशरूम किंवा सुरणासारख्या कंदाच्या पिठाचे असतात. पण ते दिसतात इतके हुबेहूब की सासूबाईंचा घास घशात अडकू शकतो. त्यांना आधी सांगून ठेवा आणि त्यांच्यासाठी भाजी जशीच्या तशी दिसते असेच पदार्थ निवडा. तुम्हीही बाहेरून आणलेल्या तयार नकली मांसाच्या बाबतीत जरा विचारून घ्या, कारण काहींत अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधाची पूड असते. घरी केलेलं टोफू आणि मशरूम यांत तो प्रश्न येत नाही. नूडल्समध्येही तांदळाच्या घ्या, ‘फो’, ‘बुन’ किंवा ‘हू तियू’. पिवळ्या गव्हाच्या नूडल्समध्ये अंडं असू शकतं.

नेमका शब्द लागला तर ‘थुअन चाय’, म्हणजे अंडं-दूध काहीच नाही असं. पण व्हिएतनामी भाषा सुरांवर चालते. आपल्या उच्चाराने भलताच अर्थ होतो किंवा काहीच होत नाही. त्यापेक्षा हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला सांगा की एका कागदावर तिच्या अक्षरात लिहून दे: मी चाय खाते, मांस, मासे, अंडं, दूध, मध, माशाचं पाणी नको. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. भाषांतराच्या अ‍ॅपपेक्षा माणसाने लिहिलेली ही चिठ्ठी मी जास्त भरवशाची मानते, कारण लिहिताना ती मुलगी तुम्हालाच दोन प्रश्न विचारेल आणि दोन चांगल्या जागाही सांगेल.

सासूबाईंच्या गुरुवारची सोय तर ठाण्यापेक्षा इथे बरी आहे. जुन्या वळणाच्या ‘चाय’ स्वयंपाकात लसूण, कांदा आणि त्यांची भावंडं वर्ज्यच आहेत. भिक्षूंचा नियमच तो आहे. मात्र दक्षिणेकडे कांद्याच्या जागी लीक वापरायची पद्धत आहे आणि दा लातच्या मळ्यांत ती भरपूर पिकते. लीक कांद्याचीच जात, तेव्हा ती चालते का हे आधी त्यांना विचारा आणि चालत नसेल तर चिठ्ठीत तीही लिहून घ्या. तरुण मुलांनी चालवलेल्या नव्या व्हीगन कॅफेंत लसूण सर्रास असतो, तिथे गुरुवारी जाऊ नका.

तुमच्या तारखांत पौर्णिमा येते का, हे कॅलेंडरात बघा. तिथल्या आणि आपल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. त्या दिवशी एरवी मांस विकणारे ठेलेवालेही ‘चाय’ची पाटी लावतात आणि बाजारात नुसती चंगळ असते. दुकानांत गर्दीही तितकीच, म्हणून जेवायला अकरालाच जा.

संध्याकाळी सगळे रात्रबाजारात जातील. तिथे तुम्हाला थोडं जपावं लागेल. निखाऱ्यावर तांदळाचा पापड भाजून वर सारण पसरतात, त्याला पर्यटक ‘दा लातचा पिझ्झा’ म्हणतात. त्यात अंडं, सुकी कोळंबी, चीज, सॉसेज असं सगळं असतं. सगळं वगळलं तर उरतो नुसता पापड, त्यापेक्षा पुढे चला. ‘बान्ह कान’ बघून तुम्हाला आप्पेपात्र आठवेल: मातीच्या खळग्यांत तांदळाचं पीठ ओतून झाकण ठेवतात. पण वरून लावेचं अंडं फोडतात आणि बुडवायला माशाचं पाणी किंवा मांसाच्या गोळ्यांचा रस्सा देतात. हा पदार्थ ‘चाय’ दुकानात शोधा, काही ठिकाणी सकाळी करतात. बाजारात तुमच्यासाठी भाजलेलं रताळं आहे. मक्याचं कणीसही आहे, पण त्यावर पातीच्या कांद्याचं तेल लावतात आणि ते कधी चरबीचं असतं, तेव्हा कोरंच मागा. आल्याच्या पाकातलं मऊशार गरम टोफू मिळालं तर थंडीत त्याच्यासारखं सुख नाही.

रात्री गावात ठिकठिकाणी गरम सोयाबीनचं दूध विकतात. लोक बुटक्या स्टुलांवर, कानटोप्या घालून, दोन्ही हातांत पेला धरून बसलेले असतात. शेंगदाण्याचं आणि मुगाचंही मिळतं. काही जण त्यात गाईचं दूध मिसळतात, तेव्हा चिठ्ठी दाखवा. जोडीला मांडलेले केक आणि पाव मात्र अंडं-लोण्याचे असतात. जुना स्वयंपाक दुधाशिवायचा असला तरी आजच्या दा लातभोवती दुभत्या गाईंचे मोठे गोठे आहेत. दही, आइसक्रीम, दुधाच्या बाटल्या कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतील. अॅव्होकाडोच्या स्मूदीतही आटवलेलं गोड दूध घालतात, ‘खोंग सुआ’ म्हणजे दूध नको असं सांगून घ्या.

कॉफीकडे जरा लक्ष द्या. दा लातजवळच्या काउ दातची अरेबिका नावाजलेली आहे आणि ती पिऊन यावीच. काळी कॉफी व्हीगन असणार असं आपण धरून चालतो, पण व्हिएतनाममध्ये बिया लोण्यात, साखरेत घोळवून भाजायची जुनी पद्धत आहे. काही न घालता भाजलेल्या कॉफीला ‘का फे मोक’ म्हणतात. स्वतः बिया भाजणाऱ्या कॅफेत तीच मिळते.

याच ओघात, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. दा लातच्या एका दिवसाच्या ग्रामीण सहलींत धबधबा आणि फुलांच्या मळ्याबरोबर बऱ्याचदा तीन थांबे असतात: उदमांजराच्या विष्ठेतून काढलेल्या कॉफीचा मळा, रेशीम कारखाना आणि किड्यांची पैदास. उदमांजरं तिथे पिंजऱ्यात असतात. रेशमासाठी कोष जिवंत किड्यांसकट उकळत्या पाण्यात टाकतात, ते डोळ्यांसमोर. तुम्ही दूध ज्या कारणासाठी सोडलंत त्याच कारणाने तुम्हाला तिथे उभं राहवणार नाही. कार्यक्रमपत्रिका आत्ताच मागवा आणि हे थांबे वगळून गाडी द्या असं सांगा. वेगळी गाडी घेतली तर तिघांत फार महाग पडत नाही.

त्याऐवजी ट्रुक लामच्या झेन मठात जा. तेराव्या शतकातला राजा चान न्हान तोंग गादी सोडून भिक्षू झाला. त्याने घालून दिलेल्या पंथाचा हा मठ १९९४ मध्ये तुयेन लाम तलावाच्या काठी उभा राहिला. गावातून पाइनच्या जंगलावरून सव्वादोन किलोमीटरची केबल कार जाते, सासूबाईंना चढावं लागणार नाही. दुसरा दिवस ट्राय मात या गावच्या लिन्ह फुअक पॅगोडाला. तिथे फुटक्या काचा आणि चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेला ड्रॅगन आहे आणि दा लात स्टेशनवरून जुनी आगगाडी सात किलोमीटरवर तिथे नेते. पॅगोडांच्या आसपास ‘चाय’ची पाटी हमखास सापडते, म्हणून या दोन दिवसांच्या दुपारच्या जेवणाची काळजी उरत नाही. लांग बियांग डोंगराकडे गेलात तर तिथल्या क’हो लोकांचा बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात मागा. तो तीळ-मिठात बुडवून खातात. बाजूला कोंबडी भाजत असतील, नवरा घराबाहेर खात असेल तर त्याला तिकडे जाऊ द्या.

आणि तुमचं शेवटचं वाक्य, सहल खराब करण्याचं. ताई, नवऱ्याला आणि सासूबाईंना सोबत घेऊन तुम्ही एका ‘चाय’ खानावळीत गेलात तर तिघंही एकाच ताटातलं खाताय, कुणाला काही वेगळं सांगावं लागत नाही. उलट टूरच्या डिनरला तुम्ही कोरडा भात चिवडत बसाल आणि ते दोघं तुमच्याकडे बघत अपराधी होतील. नवऱ्याला बाहेरचं खायचं असेल तेव्हा त्याला एकटं खुशाल जाऊ द्या. रात्रीच्या थंडीत मशरूमचं हॉटपॉट मात्र तिघांनी मिळून खा. मधोमध उकळतं भांडं, भोवती पाच-सहा प्रकारची मशरूम, टोफू आणि पाटीभर पाला. ते ‘चाय’ दुकानातच घ्या, एरवी त्याचं पाणी हाडांचं असतं. सासूबाईंना मशरूम आवडत नसतील तर त्यांच्यापुरता पाला आणि टोफू आधी शिजवून काढा.

परतीच्या सामानात सुकवलेलं मऊ रताळं, आर्टिचोकचा चहा आणि वाऱ्यावर वाळवलेली पर्सिमॉन घ्या. हे फळ वर्षाअखेरीला ताजंही असतं.

राहिला हो ची मिन्ह सिटीचा परतीचा प्रवास. बसने जात असाल तर अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सहा ते आठ तास लागतात आणि वाटेतल्या थांब्यांवर हाडांच्या सुपाशिवाय फारसं काही नसतं. निघायच्या दिवशी सकाळी ‘चाय’ दुकानातून तीन ‘बान्ह मी चाय’ बांधून घ्या. टोफू, काकडी, गाजर-मुळ्याचं लोणचं आणि कोथिंबीर भरलेला तो लांबट पाव असतो. पावात लोणी लावू नका म्हणून चिठ्ठी दाखवा आणि सॉस वेगळा मागा, नाहीतर दुपारपर्यंत पाव भिजून जातो.